हरिहरेश्वरचा कडा आणि प्रदक्षिणा मार्ग: पुण्याहून पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

पुण्यातून कोकणात निघायचं म्हटलं की शनिवार-रविवार आधी ठरतो, मग गाडी, मग खोली. समुद्र काय करतोय हे तिथे पोहोचल्यावर कळतं. काशीद किंवा दिवेआगरला हे चालून जातं, कारण भरती असली तर फार तर पुळण थोडी कमी मिळते. हरिहरेश्वरला तसं चालत नाही. इथे डोंगराच्या पश्चिम अंगाला सरळ तुटलेला काळा कडा आहे. त्याच्या पायथ्याशी लाटांनी तासून काढलेला खडकाचा सपाट ओटा आहे आणि हरिहरेश्वराच्या देवळापासून निघणारी प्रदक्षिणेची वाट त्या ओट्यावरून जाते. भरतीला हा ओटा पाण्याखाली असतो. म्हणून इथला बेत ओहोटीच्या वेळेपासून मागे मोजत आखायचा. सुट्टी, खोली आणि निघण्याची वेळ त्यानंतर.

श्रीवर्धन तालुक्यातलं (जिल्हा रायगड) हे गाव सावित्री नदीच्या मुखाजवळ आहे. दक्षिणेला बाणकोटची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र. हरिहरेश्वर, हर्षिणाचल, पुष्पाद्री आणि ब्रह्माद्री असे चार डोंगर सांगितले जातात. पुण्याहून ताम्हिणीमार्गे अंतर सुमारे १७० किलोमीटर आहे.

१. आधी पंचांग उघडा

पुण्यात भरतीचं वेळापत्रक कुणाच्या भिंतीवर नसतं, पण तिथी असलेलं कॅलेंडर बहुतेक घरांत असतं. पहिल्या अंदाजाला तेवढं पुरतं. कोकणातला जुना हिशोब असा: तिथीच्या आकड्याला तीनाने गुणा आणि चाराने भागा, की भरती पूर्ण होण्याची वेळ तासांत मिळते. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटीची वेळ. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांना हाच हिशोब, दोन्हीकडे तिथी एकपासून मोजायची.

पंचमी घ्या. पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचार. पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास भरती, सकाळी दहाच्या सुमारास ओहोटी. बाकीच्या तिथींना दिवसाउजेडी मिळणारी ओहोटी साधारण अशी येते:

प्रतिपदा: सकाळी ७
तृतीया: सकाळी ८.३०
पंचमी: सकाळी १०
सप्तमी: सकाळी ११.३०
नवमी: दुपारी १
एकादशी: दुपारी २.३०
त्रयोदशी: दुपारी ४
पौर्णिमा आणि अमावास्या: संध्याकाळी ५.३० (आणि पहाटे ५)

हा अंदाज आहे. तासभर इकडेतिकडे होतो, अष्टमीच्या आसपास जरा जास्तच. सुट्टीचा दिवस निवडायला तो वापरा, खाली उतरायची वेळ ठरवायला वापरू नका. त्यासाठी त्या तारखेचं भरती-ओहोटीचं छापील किंवा मोबाईलवरचं वेळापत्रक बघा. मुंबईच्या वेळा सहज मिळतात, मात्र आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे हरिहरेश्वरला पाणी मुंबईच्या थोडं आधी चढायला लागतं. मुंबईचं वेळापत्रक हातात धरून शेवटची पंधरा मिनिटं वापरायला गेलात, तर ती पंधरा मिनिटं तुमच्याकडे नसतात.

रोज भरती पाऊण-एक तास उशिरा येते. आठवड्यात तिथी सातेक घरं पुढे सरकते. म्हणजे या शनिवारी पौर्णिमा असेल तर पुढच्या शनिवारी सप्तमी-अष्टमी, आणि ओहोटी संध्याकाळवरून थेट दुपारवर. ‘मागच्या वेळी चार वाजता गेलो होतो, छान मोकळं होतं’ असं सांगणारा मित्र खोटं बोलत नसतो, पण त्याच्या चार वाजण्याचा तुम्हाला उपयोग नाही.

२. उधाण की भांग, तेही बघा

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं: भरती मोठी आणि ओहोटीही मोठी, पाणी खूप आत जातं. अष्टमीच्या आसपास भांग असतो: भरती कमी चढते आणि ओहोटीला पाणी कमी ओसरतं. उधाणाचा कळस नेमका तिथीला न येता एक-दोन दिवस मागाहून येतो.

इथे एक मेख आहे. अष्टमीला ओहोटी भर दुपारी, म्हणजे पुण्याहून सकाळी निघून पोहोचणाऱ्याला अगदी सोयीची. पण ती भांगाची ओहोटी असल्याने ओट्याची समुद्राकडची कड ओलीच राहते आणि लाटा जवळ फुटत असतात. अशा दिवशी जाता येत नाही असं नाही, फक्त कड्याच्या बाजूने चालायचं आणि कमी वेळ थांबायचं. उधाणाच्या दिवशी जागा भरपूर मिळते, पण परत येणारं पाणीही तितक्याच जोरात येतं.

पाणी चढतं त्याचाही एक हिशोब आहे. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत ते सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढीचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि शेवटच्या तासात एक. म्हणजे ओहोटीनंतर दीड तास ‘काहीच होत नाहीये’ असं वाटतं आणि पुढच्या दोन तासांत निम्मं पाणी येऊन जातं. लोक फसतात ते या शांत वाटणाऱ्या पहिल्या तासामुळे.

नियम असा ठेवा: पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी ओट्यावर पाय ठेवायचा आणि ओहोटीनंतर जास्तीत जास्त तासाभरात बाहेर पडायचं. ओहोटी दहाची असेल तर साडेआठला उतरा, अकराच्या आत पुळणीवर. थांबत-थांबत गेलं तरी प्रदक्षिणेला तास-सव्वा तास लागतो, तेव्हा घाई होत नाही.

३. तिथीनुसार मुक्काम ठरवा

एका दिवसात जाऊन यायचं असेल तर नवमी ते एकादशी गाठा. पुणं पहाटे साडेपाचला सोडलं तर साडेदहा-अकरापर्यंत पोहोचता, दर्शन होतं, नवमीला बाराच्या आत आणि एकादशीला एकच्या सुमारास खाली उतरता येतं. परतीचा घाट अर्धाअधिक अंधारात पडणार हे मात्र धरून चाला. त्यामुळे मुक्काम करून जाणंच खरं.

मुक्कामाला चतुर्थी ते षष्ठी सगळ्यात चांगली. आदल्या दुपारी पोहोचायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी आठ-नऊला निघायचं. कडा पश्चिमेला तोंड करून असल्याने सकाळी ओट्यावर सावली असते. दुपारनंतर तोच काळा खडक तव्यासारखा तापतो.

प्रतिपदा ते तृतीया मुक्कामाशिवाय जमत नाही, कारण ओहोटी सकाळी लवकर. त्रयोदशी ते पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर तीन-साडेतीनला उतरा आणि सूर्यास्त पुळणीवरून बघा, ओट्यावरून नको. डिसेंबरमध्ये सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, आणि अंधारात ओला खडक आणि कोरडा खडक सारखाच दिसतो.

महाशिवरात्रीला जाणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं. त्या दिवशी कृष्ण चतुर्दशी. चौदा त्रिक बेचाळीस, भागिले चार, म्हणजे साडेदहा. यात्रेची गर्दी जमते नेमकी त्याच वेळी भरती पूर्ण असते, तीही उधाणाच्या तोंडावरची. दर्शन सकाळी करा, प्रदक्षिणा पावणेपाचच्या ओहोटीच्या बेताने दुपारी.

महिना कोणता? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून उकाडा, मे महिन्यात घामाने जीव नकोसा होतो. जून ते सप्टेंबर प्रदक्षिणेचा विचारच सोडा. पावसाळी वाऱ्यात ओहोटीलाही लाटा ओट्यावर चढतात, तिथीचा कुठलाही हिशोब तेव्हा लागू नाही. पावसात हरिहरेश्वर सुंदर दिसतं, पण ते वरून आणि देवळाच्या बाजूने बघायचं.

४. निघण्याच्या आदल्या दिवशी

दोन गोष्टी तपासा. एक, रायगड जिल्ह्यासाठी हवामान खात्याचा इशारा. दोन, हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा उंच लाटांचा इशारा. दुसरा लोक बघत नाहीत. आकाश निरभ्र, वारा शांत, आणि तरीही समुद्र फुगलेला, असं होऊ शकतं. दूर समुद्रात झालेल्या वादळाच्या लाटा दोन-तीन दिवसांनी किनाऱ्यावर पोहोचतात आणि येताना ढग बरोबर आणत नाहीत. असा इशारा असेल तर प्रदक्षिणा रद्द, भांग असो की उधाण.

खोली घेताना यजमानांना एवढंच विचारा: ‘उद्या प्रदक्षिणेला किती वाजता जाता येईल?’ गावातल्या माणसाचं उत्तर आणि तुमचा हिशोब यांत फरक पडला तर गावातल्या माणसाचं ऐका.

५. बरोबर काय घ्यायचं

कागदपत्रांत विशेष काही नाही. खोलीसाठी प्रत्येक मोठ्या माणसाचं आधार किंवा दुसरं ओळखपत्र, गाडीसाठी लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी. खोपोलीमार्गे जाणार असाल तर फास्टॅगमध्ये पैसे. थोडी रोकड ठेवा, किनाऱ्यावरच्या गावांत रेंज गेली की ऑनलाइन पैसे देणंही थांबतं.

प्रदक्षिणेसाठी:

- रबरी तळव्याचे, खोल नक्षीचे, मागून पट्टा असलेले सँडल किंवा जुने बूट. अंगठ्याच्या चपला, चामडी वहाणा आणि गुळगुळीत झालेले बूट गाडीत राहू द्या.
- माणशी एक लिटर पाणी. ओट्यावर पिण्याचं पाणी नाही.
- पाठीवर अडकवायची छोटी पिशवी. दोन्ही हात मोकळे हवेत.
- मोबाईलसाठी पाणी न शिरणारी पिशवी, निदान झिपची जाड पिशवी.
- टोपी, बँडेज पट्ट्या, जंतुनाशक मलम. कालवांच्या शिंपल्या पायाला लागल्या तर जखम ब्लेडने कापल्यासारखी होते आणि खाऱ्या पाण्यात चिघळते.
- कोरड्या कपड्यांचा एक जोड, पण गाडीत.

प्रदक्षिणा अनवाणी करायची असा काहींचा नेम असतो. तो पाळायचा असेल तर सकाळची ओहोटीच निवडा, आणि तरीही चपला पिशवीत घ्या. ओट्यावरचा खडक जागोजागी धारदार आहे.

६. पुणे ते हरिहरेश्वर

नेहमीचा रस्ता: चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मुळशी धरणाच्या कडेने ताम्हिणी घाट, विळे, निजामपूर, माणगाव. तिथून मोर्बा, साई, घोणसे घाट, म्हसळा आणि पुढे हरिहरेश्वर. थांबे धरून पाच तास. पेट्रोल पिरंगुटपर्यंत भरून घ्या, नाहीतर माणगावात. मधल्या घाटपट्ट्यात भरोसा ठेवू नका.

ताम्हिणी उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा, सतत ब्रेक दाबून उतरलात की ब्रेक तापून ढिले पडतात. गाडी लागणाऱ्यांनी गोळी पौडच्या आधीच घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. घोणसे घाट लहान आहे म्हणून लोक तिथे वेग कमी करत नाहीत, आणि अपघात तिथेच होतात.

पावसाळ्यात ताम्हिणीत दरड कोसळते, रस्ता खचतो आणि वाहतूक बंद होते. निघण्याआधी रायगड जिल्हा प्रशासनाची सूचना बघा. बंद असेल तर एक्स्प्रेसवेने खोपोली, तिथून पाली, वाकण आणि मुंबई-गोवा महामार्गाने माणगाव. अंतर वाढतं, वळणं कमी. भोरहून वरंधा घाटाचाही पर्याय नकाशा दाखवतो, पण पावसाळ्यात तोही बंद ठेवला जातो, तेव्हा नकाशावर विसंबू नका.

एसटीने जाणार असाल तर स्वारगेटहून श्रीवर्धनकडे जाणारी गाडी बघा. श्रीवर्धनहून हरिहरेश्वर पुढे पंधरा-वीस किलोमीटर, त्यासाठी एसटी किंवा रिक्षा. रेल्वे सोयीची नाही: कोकण रेल्वेचं जवळचं स्टेशन माणगाव, आणि पुण्याहून तिथे रेल्वेने जायचं म्हणजे पनवेलला वळसा. एसटीने एका दिवसात ओहोटी गाठायचा प्रयत्न करू नका.

७. राहणं आणि जेवण

गावात घरगुती सोय भरपूर आहे, एमटीडीसीचं निवासही आहे. जेवण आधी सांगावं लागतं, दुपारचं सकाळी नऊपर्यंत आणि रात्रीचं दुपारपर्यंत. पोहोचल्यावर ‘काय आहे?’ विचारणाऱ्याला कोकणात भात-आमटी मिळते, तीही उपकार म्हणून. उकडीचे मोदक हवे असतील तर खोली ठरवतानाच सांगा. मासे खाणाऱ्यांनी घर ठरवतानाच विचारावं, कारण देवळाजवळच्या पुष्कळ घरांत शाकाहारीच स्वयंपाक असतो. आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ताजी सुरमई मागू नका.

८. दर्शनाचा क्रम

आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव, अशी इथली रीत. पेशव्यांचं हे कुलदैवत, बाळाजी विश्वनाथ मूळचे शेजारच्या श्रीवर्धनचे. कार्तिक वद्य अष्टमीला काळभैरव जयंती असते, तेव्हा आणि श्रावणी सोमवारी रांग मोठी. अशा दिवशी दर्शनात ओहोटी निघून जाऊ शकते. वेळ कमी असेल तर आधी प्रदक्षिणा मार्ग करून या आणि मग रांगेला लागा. क्रम मोडला म्हणून मन खात असेल तर बाहेरून नमस्कार करून निघा.

९. वरून उतरताना

वाट देवळापासून पायऱ्यांनी डोंगरावर चढते. चढ छोटा आहे. माथ्यावरून पलीकडे गेलं की दोन कातळभिंतींच्या मधल्या अरुंद घळीतून उभ्या पायऱ्या समुद्राकडे उतरतात. याच घळीचे फोटो सगळीकडे दिसतात, आणि कोंडीही इथेच होते, कारण फोटोसाठी थांबलेला गट आणि उतरणारा गट एकाच वेळी मावत नाहीत. पायऱ्या खालच्या टोकाला ओल्या असतात. गुडघे दुखत असतील तर ही जागा त्रासाची: चढण्यापेक्षा उतरणं जड जातं.

घळ संपते तिथे, अजून कोरड्या पायरीवर असताना, पंधरा मिनिटं थांबा. ही या लेखातली सगळ्यात कंटाळवाणी सूचना आहे आणि सगळ्यात कामाची. लाटा सारख्या येत नाहीत. दहा-बारा लहान लाटा येतात, मग तीन-चार मोठ्या एकामागून एक. पाच मिनिटं बघून निघालेल्याला मोठ्या लाटा दिसलेल्याच नसतात. पंधरा मिनिटांत सगळ्यात मोठी लाट कुठवर आली ते पाहून ठेवा, आणि तिच्या वर किमान चार-पाच पावलं अंतर राखूनच वाट धरा. आदली भरती कुठवर होती तेही खडक सांगतो: ओला गडद पट्टा, त्यावर हिरवं शेवाळ, त्याखाली कालवं. जिथे कालवं चिकटलेली आहेत ती जागा रोज पाण्याखाली जाते.

वाट समुद्राने बंद आहे किंवा रखवालदार अडवतोय, तर परत फिरा. ‘आम्ही पुण्याहून आलोय’ हे सांगून समुद्र ओसरत नाही.

१०. ओट्यावर

इथून पुढे डाव्या-उजव्या बाजूचा अर्थ बदलतो: एका हाताला कडा, दुसऱ्या हाताला पाणी, आणि मधे सुटून वर जायला वाट नाही. बाहेर पडायचं तर पुढे पुळणीकडे, नाहीतर मागे घळीकडे. म्हणून मध्यावर पोहोचण्याआधीच घड्याळ बघा आणि पुढे जायचं की मागे फिरायचं ते ठरवा. मध्यावर पोहोचून विचार करण्यात अर्थ नाही.

खडक आहे बेसॉल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास लाव्हा थिजून झालेला, सह्याद्रीचाच. लाटा कड्याचा पायथा खातात, वरचा भाग आधार सुटून कोसळतो, कडा मागे सरकतो आणि पायथ्याशी ओटा उरतो. हे अजून चालू आहे. म्हणून कड्याच्या पुढे आलेल्या कपारीखाली डबा उघडून बसू नका, सावली कितीही चांगली असली तरी. खाली ताजे, टोकदार, शेवाळ न धरलेले दगड पडलेले दिसले तर ते नुकतेच वरून आलेत.

कातळभिंतीवर मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते, ती नीट बघण्यासारखी आहे. लाटांचे तुषार खडकाच्या बारीक छिद्रांत शिरतात, पाणी वाळतं, मिठाचे स्फटिक मागे राहतात आणि वाढताना खडकाचे कण सुटे करतात. एकदा खळगा पडला की त्यात ओल जास्त टिकते आणि तो आणखी खोल होतो. लोक तिथे नावं कोरतात. कोरू नका, भिंत हजारो वर्षांत अशी झालीय. वाटेत चक्रतीर्थ, गायत्रीतीर्थ अशी तीर्थस्थानं दाखवली जातात. ती बघा, नमस्कार करा, पण तिथे आंघोळीला उतरू नका. कुंडासारखं दिसणारं शांत पाणी एका लाटेत भरतं आणि परत जाताना आतल्या माणसाला ओढतं.

चालताना एवढं सांभाळा:

- हिरव्या शेवाळावर पाय देऊच नका. काळा, ओला, चकचकीत खडकही तितकाच घसरडा. खडबडीत आणि फिकट दिसतो तिथे पाऊल टाका.
- समुद्राकडे पाठ करून फोटो नाही. फोटो काढणाऱ्याने लाटेवर नजर ठेवायची, उभं राहणाऱ्याने नव्हे, कारण त्याला ती दिसत नसते.
- मुलांचा हात मोठ्याने मनगटापाशी धरायचा आणि स्वतः पाण्याच्या बाजूला राहायचं. कडेवरच्या बाळाला घेऊन उतरू नका.
- गटातला सगळ्यात हळू चालणारा पुढे ठेवा. तो मागे राहिला की कुणाच्या लक्षात येत नाही.
- मोबाईल, चप्पल, टोपी पाण्यात गेली तर गेली. तिच्यामागे वाकणारा माणूस पुढच्या लाटेला सापडतो.

वयस्कर मंडळींसाठी दुसरा उपाय आहे. पूर्ण ओहोटीच्या वेळी पुळणीच्या बाजूने ओट्यावर थोडं आत चालत जाऊन तसंच परत यायचं. ही प्रदक्षिणा नव्हे, नुसतं बघणं, पण कडा आणि जाळीदार भिंत दोन्ही दिसतात आणि पायऱ्या टळतात.

११. पाणी वाढलंच तर

पुढची वाट ओली दिसली, लाट पावलांपर्यंत आली, की फोटो बंद, गटाने एकत्र, आल्या वाटेने किंवा जवळच्या टोकाने बाहेर. दोन्हीकडची वाट तुटली असेल तर गुडघाभर पाण्यातून जायचा प्रयत्न करू नका, परतणारी लाट पाय काढून घेते. मिळेल त्या सगळ्यात उंच कोरड्या जागी कातळाला पाठ लावून बसा आणि फोन करा: ११२. समुद्रातल्या बचावासाठी तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, रुग्णवाहिका १०८. कड्याच्या आड रेंज मिळेलच असं धरू नका, म्हणून उतरण्याआधी खोलीवर किंवा गाडीत थांबलेल्या कुणाला तरी ‘इतक्या वाजेपर्यंत आलो नाही तर चौकशी कर’ असं सांगून निघा.

कुणी पाण्यात पडलं तर मागे उडी मारू नका. बूच लावलेली रिकामी बाटली किंवा कॅन, जे तरंगेल ते त्याच्याकडे फेका. खडकाला धरायची धडपड न करता, खडकापासून जरा लांब पाठीवर तरंगत राहायला ओरडून सांगा. लाटेबरोबर खडकावर आपटून होणारी इजा बुडण्याइतकीच वाईट असते.

१२. पुळण, खाडी आणि परतीची वाट

देवळाच्या दोन्ही बाजूंना पुळण आहे. पाण्यात खेळायचं असेल तर खाडीच्या मुखापासून लांब राहा: ओहोटीला सावित्रीचं पाणी समुद्राकडे ओढ घेतं, पोहणाऱ्यालाही ती ओढ मोडता येत नाही. आणि गाडी पुळणीवर नेऊ नका. रुतलेली गाडी आणि चढती भरती हा देखावा कोकणात दर हंगामात असतो.

एक दिवस जास्त असेल तर जवळच्या बागमांडल्याहून जंगलजेटी नावाच्या फेरीबोटीने खाडी ओलांडून वेसवीला उतरा, गाडीसकट. तिथून बाणकोटचा किल्ला, आणि नाना फडणीसांचं वेळास. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात. त्यासाठी मुक्काम वेळासलाच करावा लागतो, कारण पिल्लं सोडण्याच्या वेळा सकाळी लवकर आणि संध्याकाळी असतात. सुपारी घ्यायची असेल तर श्रीवर्धनात रोठा सुपारी मागा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात इथल्या वाड्या आडव्या झाल्या होत्या, आणि सुपारीचं झाड लावल्यापासून फळ धरायला काही वर्षं जातात.

रविवारी परतताना दुपारी दोनच्या आत हरिहरेश्वर सोडा. ताम्हिणी उजेडात चढता येते आणि मुख्य म्हणजे पिरंगुट-भूगावची रविवार संध्याकाळची कोंडी सुरू होण्याच्या सुमारास तुम्ही तिथून जवळपास सुटलेले असता. साडेतीन-चारला निघालात तर शेवटच्या वीस किलोमीटरला दीड तास धरा, आणि मुलांचं रात्रीचं जेवण माणगावातच उरकून घ्या.